नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर कसं असतं? रक्त बघून चक्कर येणाऱ्या मुलीला जमेल का?

तू विचारलंयस की नर्सिंगला ॲडमिशन झालंय, कॉलेज आता सुरू होईल, पण रक्त बघितलं की तुला घेरी येते, तर पहिल्या सेमिस्टरला काय काय करावं लागतं आणि तुला ते झेपेल का. मी सध्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे, म्हणजे फार मोठी सिनियर नाही, पण पहिलं सेमिस्टर अजून डोक्यात ताजं आहे म्हणून लिहायला बसले. अगं-तुगं करते, चालेल ना.

आधी रक्ताचं सांगून टाकते कारण तुझी खरी भीती तीच दिसतेय. आमच्या पहिल्या सेमिस्टरला रक्त जवळजवळ दिसलंच नाही. बराचसा वेळ लेक्चर आणि स्किल लॅबमधली डमी यांच्यातच गेला, आणि वॉर्डात पोस्टिंग लागलं तेव्हाही काम काय तर ताप बघणं, नाडी, बीपी, बेड करणं, पेशंटला स्पंज देणं. एकदा ड्रेसिंग बघायला उभं केलं होतं तेव्हा आमच्यातली एक जण खाली कोसळली, रडून रडून कॉलेज सोडते म्हणाली, आणि आज तीच मुलगी आमच्यात सगळ्यात स्वच्छ ड्रेसिंग करते. यात होतं काय की रक्त बघितल्यावर काही जणांचे ठोके आधी थोडे वाढतात आणि मग ठोके आणि बीपी दोन्ही एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यापुढे अंधारी येते. म्हणजे तू भित्री आहेस म्हणून नाही होत ते, शरीराची ती एक रिफ्लेक्स आहे. उपाशीपोटी वॉर्डात जाऊ नको, गुडघे ताठ करून एकाच जागी उभी राहू नको, आणि चाहूल लागली की हाता-पायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळ, सोड, परत आवळ, त्याने बीपी पडत नाही लवकर. तरीही कानात गुणगुण सुरू झाली, घाम फुटला, तर सरळ सांग आणि खाली बस. कुणी ओरडत नाही, उलट न सांगता पडलीस आणि डोकं आपटलं तर सगळ्यांची धावपळ होते.

मला खरं जड गेलं ते वेगळंच.

पहिल्यांदा ॲनाटॉमी. २०६ हाडं, मनगटातच आठ छोटी छोटी, प्रत्येकाला नाव, प्रत्येक हाडावर खड्डे, उंचवटे, भोकं, त्यांनाही नावं. मी पहिले काही आठवडे नुसती पाठ करत होते आणि सकाळी उठलं की निम्मं गायब. मग एका मॅडमनी सांगितलं की पुस्तक मिट आणि स्वतःच्या अंगावर शोध. तेव्हापासून मी कॉलरबोनवरून बोट फिरवत खांद्यापर्यंत जायचे, बरगड्या मोजत खाली यायचे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत डावीकडे हात ठेवून हृदयाचा ठोका शोधायचे. तो पहिल्यांदा हाताला लागला ना तेव्हा मला काय वाटलं हे सांगता येणार नाही नीट, हे आपल्यात इतकी वर्षं चालूच होतं आणि आपण कधी हात लावून बघितलं नव्हतं. फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर काम कसं करतं तो विषय, पण ॲनाटॉमीच्या सोबतच वाच, वेगवेगळे विषय धरलेस तर दोन्ही डोक्यावरून जातील. आणि शब्दांचे तुकडे करायला शिक, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, 'टॅकी' म्हणजे जलद, शेवटी 'आयटिस' आला की त्या अवयवाला सूज, दाह. असे वीस-पंचवीस तुकडे बसले की नवीन शब्द आला तरी अंदाज येतो. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी तू नियमित वाचलंस तर निघतं, त्याचं टेन्शन घेऊ नको.

हात धुणं. हो, हात धुण्याची परीक्षा असते, आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं यात काय शिकायचं. मग लॅबमध्ये एक चमकणारं लोशन लावून हात धुवायला सांगितले आणि खास दिव्याखाली धरायला लावले, तर माझे अंगठे आणि बोटांची टोकं लखलख चमकत होती, म्हणजे तिथपर्यंत माझा साबण कधी नीट पोचतच नव्हता. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हे मनात मोजून बघ एकदा, किती वेळ असतो तो. त्याच दिवशी मॅडमनी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे जातात आणि त्या बायका तापाने मरतात, त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी त्याच्या काळातल्या बऱ्याच डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. मला त्या बायकांचंच वाईट वाटत राहिलं दिवसभर.

आता बेड मेकिंग. कोपरे विशिष्ट पद्धतीने दुमडायचे, चादरीवर एक सुरकुती नको, आणि मॅडम परत परत उलगडून करायला लावायच्या. मला राग यायचा खरंच. मग एके दिवशी त्यांनी मलाच पेशंट बनवून झोपवलं आणि सांगितलं की तू स्वतः हलायचं नाहीस, बोलायचं नाहीस, आणि माझ्या मैत्रिणींनी मी आत असताना चादर बदलायची. त्यांनी मला एका कुशीवर वळवलं, न सांगता, आणि मला वाटलं मी पडतेय, पोटात खड्डाच पडला. माझ्या अंगावरून त्या एकमेकींशी बोलत होत्या, व्हायवाचं (तोंडी परीक्षेचं), सुट्टीचं, आणि मी तिथे नसल्यासारखीच. पाठीखाली चादरीची एक घडी राहिली होती, ती पंधरा मिनिटांत इतकी टोचायला लागली की मला दुसरं काही सुचेना, आणि मी तर उठून जाऊ शकत होते. जो पेशंट स्वतः हलूच शकत नाही त्याच्या माकडहाडाला, टाचांना असा सतत दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते, तेच ते बेडसोर. म्हणून तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असं शिकवतात. त्या दिवसानंतर मी पेशंटला हात लावायच्या आधी सांगते, "आता तुम्हाला माझ्याकडे वळवतेय हं," बेशुद्ध असला तरी सांगते. तू पण एकदा पेशंट होऊन बघ, कुणी सांगायची वाट बघू नको.

आणि आता जी गोष्ट सांगायला मी एवढं लिहितेय ती. वॉर्डातला माझा तिसरा की चौथा दिवस असेल. सकाळी सगळ्यांचे टीपीआर घ्यायचे होते, म्हणजे ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडीला बोटं लावावीच लागतात (अंगठा नाही लावायचा, अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते), पण श्वास... श्वास मोजायला एक मिनिट नुसतं उभं राहावं लागतं आणि ते मिनिट फार लांब वाटतं. चार्टवर आधीच्या दिवसांचे आकडे बघितले तर २०, २०, २०, १८, २०. मी पण लिहिलं २०. तीन पेशंटना न मोजता २० लिहिलं, आणि चौथ्या एक आजी होत्या, त्यांनाही लिहिलं.

क्लिनिकल मॅडम, म्हणजे वॉर्डात आम्हाला शिकवणाऱ्या, मागे उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. आजींचं मनगट हातात घेतलं, मला वाटलं नाडी बघतायत, आणि घड्याळाकडे बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या आता तू. मी मनगट धरून छातीकडे बघत मोजलं. २८. परत मोजलं, परत २८. मोठ्या माणसाचं नॉर्मल १२ ते २०. आजी झोपल्यासारख्या शांत पडल्या होत्या, तक्रार काही नव्हती, ताप पण किरकोळ होता, पण नीट बघितलं तर प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू ताणले जात होते आणि ते मी वीस मिनिटं तिथे असून बघितलं नव्हतं. मॅडमनी लगेच स्टाफ सिस्टरना सांगितलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, डॉक्टर आले, आजींना टेकवून बसतं केलं आणि ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया निघाला. आजी पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या, हे आधीच सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागेल.

मॅडम मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की रिकामी जागा सोडली असतीस तर पुढच्या सिस्टरने येऊन मोजलं असतं, तू २० लिहिलंस म्हणजे कुणी मोजणारच नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग उरलेल्या तिघांचे परत जाऊन मोजले, पूर्ण एक एक मिनिट. तब्येत बिघडायला लागली की श्वासाचा वेग बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो, बीपी खाली यायच्या कितीतरी आधी, हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क पण मिळाले असते.

आणि मोजताना पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतेय, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. बीपीचंही तसंच. सुरुवातीला स्टेथोस्कोपमध्ये स्वतःच्या बोटांची खरखरच ऐकू येते, बाजूची मुलगी म्हणते १२०/८० आणि आपणही मान हलवतो. मान हलवू नको. ऐकू आलं नाही तर "मॅडम, मला ऐकू नाही आलं" म्हण, मी पहिले आठ-दहा दिवस हेच म्हणत होते. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा तो हवेचा पट्टा, लहान पडत असेल तर रीडिंग खोटंच जास्त येतं, त्यामुळे आधी कफ बघ, हात हृदयाच्या उंचीवर टेकव, आणि हवा हळू सोड, सेकंदाला दोन-तीन पॉइंट एवढीच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या बाईचं, नाव तुला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. मला आधी ती हातात दिवा घेतलेली बाई एवढीच माहीत होती. आजींच्या त्या प्रसंगानंतर मी तिच्याबद्दल जास्त वाचलं, तर १८५४ मध्ये ती क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या हॉस्पिटलात गेली आणि तिथे जखमांपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक मरत होते, आणि ती रात्री दिवा घेऊन फिरायची हे खरंच, पण ती मेलेल्यांची नोंद पण ठेवायची, कोण कशाने गेला, कुठल्या महिन्यात किती. परत आल्यावर त्याच आकड्यांच्या रंगीत आकृत्या काढून तिने सरकारला दाखवलं की यातले किती जण वाचू शकले असते. १८६० मध्ये लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिची नर्सिंगची शाळा सुरू झाली ती त्यानंतर. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता तिची ती आकृती चिकटवलीय, दिव्यातलं चित्र नाही.

बाकी रडू येणं, घरची आठवण, युनिफॉर्ममध्ये स्वतःला अनोळखी वाटणं, पाय दुखणं, हे सगळं होईल. पेशंट "तू शिकाऊ आहेस ना, दुसऱ्या सिस्टरना बोलव" म्हणेल, त्याचा तो हक्क आहे, बोलव, पण बाजूला उभी राहून बघ. अभ्यास साठवू नको, प्रोसिजरची वही त्याच दिवशी लिही, महिन्याने लिहायला बसलं की काय केलं होतं तेच आठवत नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकच वस्तू घेऊन ठेव, सेकंद काटा असलेलं घड्याळ, काटा लांबून दिसेल असं. आम्हाला वॉर्डात मोबाइल काढू द्यायचे नाहीत, तुमच्याकडेही बहुतेक तसंच असेल. आणि घरात कुणी झोपलं असेल तर आजच एक मिनिट उभी राहून त्यांचा श्वास मोजून बघ, किती आला ते मला कमेंटमध्ये सांग.