वाचक विचारतात : भरतीआधी सोडवायचा प्रश्न

प्रश्न : मुलगा बारावी झालाय, अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पळतोय. सासूबाई मात्र 'खून करू नको' ही आज्ञा पुढे करतात. ख्रिस्ती माणसानं फौजेत जाणं पाप आहे का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. इ. स. 295 मध्ये मॅक्सिमिलियन या 21 वर्षांच्या ख्रिस्ती तरुणानं रोमन सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि शिरच्छेद पत्करला. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मंडळीही परंपरेनं शस्त्र धरत नाहीत. पण लूक 3:14 वाचा. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो नोकरी सोडा म्हणत नाही. लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा, एवढंच सांगतो. (हे वचन म्हणजे युद्धाचा परवाना, असं मात्र कुणी सांगू लागलं तर ऐकू नका.) युद्ध न्याय्य आहे का, हे सरकारनं ठरवायचं. नि:शस्त्र माणूस, जखमी आणि कैदी यांना कसं वागवायचं, हे शिपायाच्या हातात असतं.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, म्हणून मन सहीआधीच पक्कं व्हायला हवं. अग्निवीराची मुदत 4 वर्षांची. अपवादात्मक कारणाशिवाय मधेच सुटता येत नाही. 18 पूर्ण नसतील तर फॉर्मवर पालकांची सही लागते, म्हणजे निर्णय तुमचाही आहे. मत्तय 5:34 मधल्या 'शपथ वाहू नका' या वचनामुळे शपथ खटकत असेल, तर आर्मी ॲक्टच्या कलम 17 मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेचीही सोय आहे. बारावीला बायोलॉजी असेल तर नर्सिंग असिस्टंटचा विचार करा. पण रायफल ट्रेनिंग तिथंही चुकत नाही.

खरी अडचण बहुधा गोळीबाराआधीच येते. पलटणीच्या मंदिर परेडला (मंदिरातल्या सामूहिक पूजेच्या हजेरीला) जाऊनही गाभाऱ्यात शिरायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं आणि पुढं सुप्रीम कोर्टानंही कायम ठेवली. मराठा लाइट इन्फंट्रीत 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा म्हणणं वेगळं, तो राजाचा जयजयकार. आरतीचं ताट हातात घेणं वेगळं. मुलगा यातलं काय करेल आणि काय नाही, हे पाळकांसमोर बसून आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न : रविवारच्या भक्तीत जवानांसाठी प्रार्थना घ्यावी का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जरूर घ्या. पण मत्तय 5:44 प्रमाणे ('आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा') त्याच प्रार्थनेत पलीकडच्या शिपायांचंही नाव घ्या. कुणी कुरकुरलं तर वचन उघडून दाखवा.