किडनी तपासायला पायाला सूज यायची वाट बघू नका

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आईचं वय 62, शुगर 14 वर्षांपासून आहे, बीपीची गोळी पण चालू आहे. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 1.3 आलं. लॅबवाला म्हणाला 1.2 पर्यंत नॉर्मल धरतात, किंचित जास्त आहे, टेन्शन घेऊ नका. तिला तसा त्रास काहीच नाही, लघवी व्यवस्थित होते, रात्री दोनदा उठते एवढंच, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून खाते. खरंच काळजीचं काही नाही ना?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : घाबरू नका, पण ते "किंचित" आधी डोक्यातून काढा. क्रिएटिनिन आपल्या स्नायूंमधून रोज तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, त्यामुळे नुसता आकडा बघून काही कळत नाही, वय आणि स्त्री की पुरुष हे धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढावा लागतो. हेच 1.3 एखाद्या 28 वर्षांच्या मुलाचं असतं तर ईजीएफआर 77 च्या आसपास आला असता, आणि तुमच्या आईंचा हिशेब केला तर तो येतो साधारण 46. तो 60 च्या खाली 3 महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज (किडनीचा जुनाट आजार) म्हणतात. एकाच रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही हेही खरं, जुलाब झाले असतील, पाणी कमी पडलं असेल, त्या गुडघ्याच्या गोळ्या चालू असतील तरी आकडा वर जातो, म्हणून जुने रिपोर्ट शोधा आणि डॉक्टरांना विचारून टेस्ट परत करा.

सोबत सकाळच्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही टेस्ट करा (अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीतून किती गळतंय ते त्यात कळतं), ही फार महत्त्वाची आहे आणि हीच लोक करत नाहीत. साध्या लघवीच्या तपासणीत "प्रोटीन निल" आलं म्हणून निवांत राहू नका, सुरुवातीची थोडीशी गळती त्यात दिसतच नाही. रेशो 30 च्या वर असेल तर किडनीतून प्रोटीन गळायला लागलंय. शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही टेस्ट आणि ईजीएफआर दोन्ही करायलाच हवं, त्रास असो नसो.

आता "लघवी व्यवस्थित होते" याबद्दल, कारण हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकते आणि दरवेळी जीव तुटतो. किडनी बरीच बिघडली तरी लघवी भरपूर होत राहते, उलट लघवी दाट करायची ताकद कमी झाली की रात्री उठावं लागतं (शुगर वाढल्यानेही उठावं लागतं, म्हणून दोन्ही बघा). किडनी दुखत नाही हो, कंबर दुखली म्हणजे किडनी असंही नसतं. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ तसाच राहणं, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पायावर सूज, बीपी अचानक आवरेनासं होणं ही लक्षणं दिसली तर लगेच दाखवा, आणि अंगाला खाज, तोंडाची चव जाणं, मळमळ, हिमोग्लोबिन उतरणं, दम लागणं हे तर बहुतेक वेळा खूप उशिरा येतं.

गुडघ्याची गोळी आजच बंद करा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, त्यात बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वर जुलाब-उलट्या झाल्या तर किडनी एका आठवड्यात बसू शकते. दुखण्यासाठी डॉक्टर सांगतील त्या डोसमध्ये पॅरासिटामॉल, मलम, शेक, व्यायाम.

उलट काही गोळ्या किडनी वाचवतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, 30 टक्क्यांपर्यंत वाढ चालते, पण लोक घाबरून स्वतःच गोळी बंद करतात, तसं करू नका, एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा आणि मग डॉक्टरांना ठरवू द्या. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळीही किडनी वाचवते, ती आईंना चालेल का तेही विचारा, 2020 नंतर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यामुळे ती आता परवडते. बीपी बहुतेकांना 130/80 च्या खाली लागतं. आणि जुलाब-उलट्या झाल्या तर यातल्या कुठल्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हे आधीच लिहून घेऊन ठेवा.

प्रश्न : बाबांचा ईजीएफआर 28 आहे, पोटॅशियम 5.6. घरच्या बागेतले नारळ आहेत म्हणून रोज शहाळं देतो, मीठही बदलून कमी सोडियमवालं आणलंय. अजून काय द्यावं?
(एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : दोन्ही आजपासून बंद. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि कमी सोडियमवाल्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, बीपीसाठी चांगलं म्हणून लोक प्रेमाने आणतात पण बाबांसारख्यांना ते धोक्याचं, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके थांबू शकतात. 5.6 इतकं वाढलेलं असताना डॉक्टरांना याच दोन दिवसांत भेटा, ईसीजी आणि गोळ्यांचं ते बघतील. साधंच मीठ पण कमी, दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं आलं. केळं, बटाटा, टोमॅटो कमी, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. डाळ पूर्ण बंद करू नका, डाळ तोडून माणूस नुसता खंगतो, प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

तुमच्या भागात आंबट कमरखाची झाडं असतात, आडवं कापलं की चांदणी दिसते ते फळ, ते एकसुद्धा देऊ नका. किडनी कमजोर असलेल्यांना त्याने न थांबणारी उचकी, भ्रम, फिट्स येतात, माणसं दगावलीत. बिमलांचा (आंबट बिलिंबी फळांचा) ग्लासभर रस कोलेस्टेरॉलसाठी पिणाऱ्यांच्याही किडन्या बसलेल्या आहेत, तोही नको.

प्रश्न : रोज 5 लिटर पाणी प्यायलं तर किडनी साफ राहते का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. तहानेप्रमाणे प्या, मुतखडा होऊन गेला असेल किंवा उन्हात काम असेल तर जास्त. सूज असेल, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

प्रश्न : मिस्टरांचा ईजीएफआर 14 झालाय, डॉक्टर म्हणतात हातात फिस्टुला करून घ्या. घरचे म्हणतात एकदा डायलिसिस लागलं की संपलं, तोवर काढा-भस्म देऊन बघू.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ताई, भस्म नको. त्यात पारा, शिसं असू शकतं आणि उरलेली किडनीही त्यात जाते.

फिस्टुला करणं म्हणजे उद्या डायलिसिस नव्हे. हातातली शीर रोहिणीला जोडतात आणि ती सुईला पुरेशी जाड व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, कधी जास्त. आधी करून ठेवलं नाही तर एके रात्री दम लागून अॅडमिट करतात, मानेत नळी घालून घाईत डायलिसिस करावं लागतं आणि त्या नळीतून इन्फेक्शनचा धोका फार. ज्या हाताला फिस्टुला करायचा त्या हातातून आत्तापासूनच रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टाही नाही, नर्सला तुम्ही स्वतः सांगा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कुठल्या हॉस्पिटलमध्ये ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा, जाताना रेशनकार्ड आणि आधार न्या. ट्रान्सप्लांटचं बोलणंही आत्ताच सुरू करा. घरातलं कोणी द्यायला तयार असेल तर त्यांच्या तपासण्यांना आणि कागदपत्रांना महिने जातात, आणि सगळं जुळलं तर डायलिसिस लागायच्या आधीही ट्रान्सप्लांट करता येतं.