आंब्याखालची हिरवळ

प्रश्न : ताई, कोथरूडला आमचा जुना बंगला आहे. मागच्या अंगणात वडिलांनी लावलेला आंबा आता चाळीस वर्षांचा झाला. त्याच्याखाली साधारण 600 चौरस फुटांत मी तीन वेळा लॉन लावलं. दर वेळी तयार तुकडे आणून अंथरले. महिना-दीड महिना हिरवंगार दिसतं, मग पातळ होत जातं आणि दिवाळीपर्यंत खालची माती उघडी पडते. माळी म्हणतो, युरिया वाढवा आणि पाणी दोन वेळा द्या. शेजारी म्हणतात, आंबा छाटून टाका. नातवंडांना अनवाणी खेळायला हिरवळ हवी, एवढीच इच्छा आहे. (एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर : काका, आधी पाणी आणि युरिया दोन्ही थांबवा. तुमचं गवत तहानेनं मेलेलं नाही, उपासानं मेलं आहे. गवताचं जेवण म्हणजे ऊन. ते ताटात नसताना आपण पाणी आणि खत वाढत राहिलो, तर गवत आणखी नाजूक होतं, बुडाशी बुरशी धरते आणि शेवट लवकर येतो.

तुम्ही जातीचं नाव लिहिलेलं नाही, पण तुकडे आणले म्हणजे ते बहुधा ‘सिलेक्शन’ असणार. सिलेक्शन म्हणजे हरळीचीच निवडलेली जात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा आठवा. बांधावर, उघड्या माळावर, भर उन्हात त्या किती जोमानं पसरतात! दाट झाडाच्या बुंध्याशी दूर्वा खुडायला कोणी जात नाही. हरळीला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं, आठ मिळालं तर ती खूश. नवे तुकडे महिनाभर हिरवे दिसतात, कारण ते नर्सरीतल्या उन्हात साठवलेल्या शिदोरीवर जगत असतात. शिदोरी संपली की पातं लांब, फिकट आणि बारीक होतं. आपल्याला वाटतं गवत छान वाढतंय. आपण मशीन फिरवतो आणि जी थोडी पानं उन्हाचा कवडसा पकडत होती तीही कापून टाकतो.

हे मी माझ्या पहिल्या मोठ्या कामात शिकले. उरुळी कांचनजवळ आमची रोपवाटिका नवी होती. एका बंगल्यात पर्जन्यवृक्षाखाली मी मोठ्या हौसेनं 1200 चौरस फूट सिलेक्शन अंथरलं. तीन महिन्यांत सगळं गेलं. पदरचे पैसे घालून पुन्हा लावलं, तेही गेलं. त्या घरात एक आजी होत्या. तिसऱ्या वेळी मी माती बघत उभी असताना त्या म्हणाल्या, “मी कुरडया कुठं वाळत घालते ते बघ, तिथंच लाव.” उन्हाळाभर त्यांची बाज अंगणात सरकत असायची. सकाळी विहिरीपाशी, अकराला तुळशीजवळ, दुपारी फाटकाच्या अंगाला. पर्जन्यवृक्षाखाली त्यांनी बाज कधीच टाकली नव्हती. कुठल्या कोपऱ्यात ऊन किती वेळ टिकतं हे त्यांना वाळवणानं शिकवलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही अंगणात आधी वाळवणाची जागा विचारते.

तुम्हीही एक दिवस मोडा. सकाळी आठपासून पाचपर्यंत दर तासाला अंगणात जा आणि ऊन जिथं पडलंय तिथं रांगोळीची एक रेघ ओढा. पानांतून झिरपणारे कवडसे अर्धा तास म्हणून धरा. संध्याकाळी तुमच्या 600 फुटांचे तीन भाग आपोआप दिसतील. बाहेरच्या कडेला पाच-सहा तासांचा पट्टा असेल, मधे तीन-चार तासांचा आणि बुंध्याजवळ जेमतेम तासा-दोन तासांचा.

बाहेरच्या पट्ट्यात हवं तर सिलेक्शन राहू द्या. खरं काम मधल्या पट्ट्यात आहे. तिथं रुंद पानाचं गवत लावा. नर्सरीत याच्या नावांचा फार घोळ आहे. एक जण ‘शेड ग्रास’ म्हणेल, दुसरा ‘बफेलो’, तिसरा ‘कार्पेट’, आणि ‘मेक्सिकन’ नावाच्या वेगळ्या गवतालाही काही जण ‘कार्पेट’च म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा. सुईसारखं बारीक पान असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. पान जवळजवळ करंगळीच्या नखाएवढं रुंद, टोकाला बोथट, आणि जमिनीवर सरपटणारी काडी चपटी हवी. अशी दोन गवतं मिळतात, अ‍ॅक्सोनोपस आणि सेंट ऑगस्टीन. चार तास उन्हात दोन्ही तग धरतात. पायाला ती हरळीइतकी मखमली लागत नाहीत, थोडी भरड लागतात, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही.

तुकडे न आणता ठोंब आणा. पहिले दोन-तीन पाऊस झाले की पाच-सहा इंचांवर एकेक ठोंब टोचा. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, तेव्हा तिथं कुदळ चालवू नका. हाताच्या काट्यानं मुळांच्या मधल्या जागा दोन-तीन इंच मोकळ्या करा, बोटापेक्षा जाड मूळ दिसलं तर ते सोडून बाजूला सरका, आणि चाळलेलं गांडूळखत भरा. लॉनसाठी म्हणून झाडाखाली सहा-सहा इंच लाल मातीचा भराव टाकणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत. त्यानं मुळांचा श्वास कोंडतो, बुंधा कुजायला लागतो. चांगलं जुनं झाड त्यात दोन-तीन वर्षांत वाळतं, आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. वडिलांच्या हातच्या झाडाचं असं होऊ देऊ नका. अर्धा-पाऊण इंचाहून जास्त माती नको, आणि बुंध्याला तर मुळीच टेकवू नका.

गवत रुजलं की मशीन वर घ्या. सावलीतलं गवत तीन इंचांवर राखायचं. साडेचार इंच झालं की कापा, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कधीच नको. माळ्याला हे दहा वेळा सांगावं लागेल, कारण त्याला बारीक कापलेलं नीट दिसतं. पाणी सकाळीच द्या. बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा पोटभर दिलेलं बरं. खत म्हणाल तर 100 चौरस फुटांना वर्षातून दोनदा एक-दोन घमेली चाळलेलं शेणखत पुरे. आणि आंब्याचा पाला गवतावर साचू देऊ नका. आधीच कमी असलेलं ऊन तो अडवतो.

आंबा छाटायला सांगणाऱ्या शेजाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. खालच्या लोंबत्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत काढल्या तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येतं. एवढं पुष्कळ होतं. तेही फळं उतरल्यावर करा, आणि आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडून परवानगी घ्या. 1975 च्या कायद्याप्रमाणे नागरी भागात स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही ती लागते.

राहिला बुंध्याजवळचा भाग. तिथं गवताचा नाद सोडा. आपल्याकडे गावोगावी झाडाखाली पार असतो, गवत नसतं. बुंध्यापासून तीन-चार फूट पाचोळ्याचं आच्छादन ठेवा, त्याच्या कडेनं मंडो ग्रास लावा (नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे, कमी उजेडात वर्षानुवर्षं टिकणारं रोप आहे), आणि येण्याजाण्याच्या वाटेवर शहाबादी फरशीचे तुकडे सुटे ठेवा, मधे सिमेंट न भरता. नातवंडं खेळतील बाहेरच्या हिरवळीवर आणि दुपारी दमून बसतील या सावलीत.

प्रश्न : नाशिकला आमच्या दुमजली घराच्या उत्तरेला, घर आणि कुंपणाच्या भिंतीमधे सहा फुटी पट्टी आहे. मे महिन्यात तिथं चांगलं ऊन येतं म्हणून लॉन लावलं. पावसाळ्यात बरं होतं, जानेवारीत सगळं पिवळं पडून गेलं. थंडीनं गेलं का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, तुम्ही ऊन बघूनच लावलंत, फक्त ते मे महिन्याचं ऊन होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नाशिकला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. म्हणून तेव्हा घराची उत्तरेकडची बाजूही उजळते. त्यानंतर तो दक्षिणेकडे सरकत जातो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण 47 अंशांवरच येतो. तेव्हा 20 फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला सुमारे 19 फूट पडते. तुमची पट्टी सहा फुटांची. म्हणजे दिवाळीच्या आधीपासून होळीच्या आसपासपर्यंत तिथं दुपारचं ऊन पोचतच नाही. थंडीनं हरळी थोडी मंदावते हे खरं, पण तुमचं गवत गेलं ते अंधारानं.

या पट्टीत कुठलंच गवत लावू नका, अगदी कोणी खात्री दिली तरी. फरशीची वाट करा, तिच्या दोन्ही अंगांना मंडो ग्रास, क्लोरोफायटम, नेचे लावा. कुंपणाची भिंत आतून पांढरी रंगवा, उजेडात जाणवेल इतका फरक पडतो. वेडेलिया मात्र लावू नका. ती सावलीत येते, पटकन पसरते, म्हणून नर्सरीवाले आवर्जून देतात. पुढं ती शेजारच्या वाफ्यात शिरते आणि उपटता उपटत नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमच्या घरापुढं फणस आणि पोफळी आहेत. पावसाळ्यात हिरवळीवर शेवाळ चढतं आणि गवत मरतं. एकानं मोरचूद मारायला सांगितलं. मारू का?

उत्तर : नको. मोरचुदातलं तांबं मातीत साठून राहतं, आणि पोफळीची मुळं तिथंच आहेत. शेवाळानं गवत मारलेलं नाही. सावली आणि साचलेली ओल यांनी गवत विरळ झालं, मग रिकाम्या जागी शेवाळ आलं. तेव्हा उतार बघा. जांभ्याच्या कातळावर चार बोटं माती असेल तर पाणी खाली जाणार कुठं? मेअखेर कडेनं वीतभर खोल चर काढा, हिरवळीत काटा रुतवून भोकं पाडा आणि त्यांत बारीक वाळू सारा. माती तपासून आम्ल निघाली तरच चुना टाका, अंदाजानं नको. अ‍ॅक्सोनोपस तुमच्याकडच्या पावसात छान चालतं.

आणि फणसाच्या अगदी बुडाशी आलेलं शेवाळ तसंच राहू दे, असं मला मनापासून वाटतं. पायवाटेवर घसरायला होतं, तिथलं खरवडा. बाकी श्रावणात ते फार देखणं दिसतं, आणि पाऊस सरला की आपोआप वाळतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. मागच्या अंगणात मोठा मेपल आहे, त्याच्याखाली गवत टिकत नाही. या डिसेंबरात पुण्याला येऊन गेलो तेव्हा आईच्या बागेतलं रुंद पानाचं गवत पाहिलं. ते इथं लावता येईल का? आणि गणपतीसाठी दूर्वाही हव्यात.

उत्तर : आईच्या बागेतलं गवत उष्ण हवेतलं आहे, तुमचा पहिलाच हिवाळा त्याला संपवेल. बॅगेत घालून नेऊही नका, रोपं अशी नेता येत नाहीत. तुमच्या हवेत सावलीसाठी ‘फाइन फेस्क्यू’ नावाची बारीक पानाची गवतं आहेत. गंमत बघा, इथं सावलीत रुंद पान शोधायचं आणि तिथं बारीक! बियांच्या पिशवीवर ‘दाट सावलीसाठी’ लिहिलेलं मिश्रण घ्या, पण मागं छापलेली यादी वाचा. त्यात क्रीपिंग रेड, च्यूइंग्ज किंवा हार्ड फेस्क्यूचं प्रमाण सगळ्यांत जास्त हवं.

वसंतात पेरू नका. मेपलला पानं फुटली की कोवळं गवत अंधारात सापडतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पेरा. जमीन नुसती खरवडून बी मातीला चिकटेल असं दाबा आणि उगवेपर्यंत वरचा थर ओलसर ठेवा. त्यानंतरची खरी कसोटी ऑक्टोबरची. मेपलचा पाला पडू लागला की दर दोन-तीन दिवसांनी तो हलक्या हातानं गोळा करावा लागेल, नाहीतर कोवळं गवत त्याखाली गुदमरेल. पेरण्याआधी मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवा, चुना लागतो का ते कळेल. मेपल ‘नॉर्वे’ जातीचा असेल तर त्याची सावली इतकी गर्द आणि मुळं इतकी उथळ असतात की बुंध्याजवळ पाचोळाच बरा.

दूर्वांसाठी बर्म्युडा ग्रासचं बी तिथंच मिळतं, ती आपली हरळीच. ती मेपलखाली नको. पसरट कुंडीत पेरून घरासमोर, सगळ्यांत जास्त उन्हाच्या जागी ठेवा. मे महिन्यात पेरलीत तर गणपतीपर्यंत एकवीस जुड्या आरामात निघतील. पहिली थंडी पडायच्या आत कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी घ्या. गवताची पातळ पाती दिसली तर घाबरू नका, उन्हाळ्यात ती पुन्हा भरेल. आणि फेस्क्यूचं बी जुलैतच आणून ठेवा.