पीआर मिळाला, आता ऑन्टारिओत कोणता छोटा कोर्स करू?

तुम्हा दोघांना कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालाय, इथे ऑन्टारिओ प्रांतात येताय, पुन्हा दोन वर्षं कॉलेजात घालवायची नाहीत. तेव्हा छोटे कोर्स करून काय काम मिळेल आणि ते तिकडूनच ऑनलाइन उरकून यावेत का, हे विचारलंत.

उरकून येऊ नका. इथे काही सर्टिफिकेट्स अशी आहेत की ती नसतील तर कायदा कामच करू देत नाही. बाकीच्यांचं कौतुक मुख्यतः ती विकणाऱ्या क्लासला. पैसे पहिल्या प्रकारावर घाला.

सगळ्यात लवकर होतं सिक्युरिटी गार्डचं लायसन्स. ४० तासांचं प्रशिक्षण, प्रथमोपचार त्यातच, मग परीक्षा. रात्रपाळ्या मिळतात, पगार बेताचा. पहिली नोकरी म्हणून ठीक आहे.

टिकाऊ काम हवं तर पीएसडब्ल्यू, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांची निगा. मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. साधारण सहा ते आठ महिने लागतात. लाँग टर्म केअर होममध्ये, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांना कायम ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेत लागायचं तर कोर्स किमान ६०० तासांचा हवा, प्रत्यक्ष काम त्यातच धरतात. आजोबांना पलंगावरून खुर्चीत न्यायचं तर आधी त्यांना उचलणाऱ्या मशीनच्या झोळीचे (स्लिंगचे) सगळे पट्टे नीट अडकलेत का ते हाताने ओढून बघायचं, दुसरी सहकारी समोर उभी हवी, मगच त्या मशीनचं बटण. तोवर आजोबांनी तुमची बाही घट्ट धरलेली असते. आंघोळ घालणं, डायपर बदलणं रोजचंच. किळस वाटणार असेल तर या वाटेला जाऊ नका. प्लेसमेंटच्या, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाच्या आधी पोलीस तपासणी, टीबीची चाचणी आणि लसीकरणाची नोंद मागतात. तुमच्या जुन्या लसींचे कागद शोधून ठेवा, इथे आल्यावर ते मागवणं फार त्रासाचं.

मिस्टरांना ट्रक चालवायचाय म्हणता. २०१७ पासून मोठ्या ट्रेलर-ट्रकच्या लायसन्सला किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, पण त्याआधी साध्या गाडीचं पूर्ण लायसन्स (इथे त्याला ‘जी’ म्हणतात) लागतं. निघण्यापूर्वी आरटीओतून लायसन्सचा उतारा घ्या. गाडी चालवण्याचा जुना अनुभव कागदावर सिद्ध झाला तर पूर्ण लायसन्ससाठी वाट पाहण्याचा काळ बराच वाचतो. नवख्या ड्रायव्हरचा विमा कंपनीला महाग पडतो, त्यामुळे पहिली नोकरी मिळायला वेळ लागू शकतो.

फोर्कलिफ्टच्या, म्हणजे गोदामात माल उचलणाऱ्या गाडीच्या प्रशिक्षणाच्या कार्डावर फार विसंबू नका. कंपनीला तुम्हाला स्वतःच्या मशीनवर पुन्हा तपासावंच लागतं. बांधकामावर जायचं असेल तर उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण मात्र हवंच. एकदा केलं की ते तीन वर्षं वैध राहतं.

क्लास निवडताना कॉलेज प्रांताकडे नोंदलेलं आहे का एवढंच पाहू नका, तो कोर्सही मंजूर आहे का ते बघा.

तुमच्या भावाला मात्र यातलं काही लागू नाही, त्याच्याकडे पीआर नाही. त्याला इथे शिकून पुढे काम करायचं तर शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी कोर्स किमान ८ महिन्यांचा लागतो आणि खासगी करिअर कॉलेजांचे बहुतेक कोर्स त्यात बसतच नाहीत. एजंट सहा महिन्यांत परमिट म्हणाला तर कॉलेजचं नाव लेखी मागायला सांगा.