मी ज्यू नाही, हिब्रू येत नाही. ज्यू समूहगायनाच्या कॉयरमध्ये मला गाता येईल का?

नक्की येईल. बॉस्टनजवळच्या एका हौशी कॉयरमध्ये मी सहा वर्षं आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गातेय. प्रवेशाच्या वेळी सूर तपासला, धर्म कुणी विचारला नाही. कार्यक्रम ग्रंथालयात होतात, चर्चच्या हॉलमध्ये होतात, आणि शनिवार शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा, म्हणून बहुतेक रविवारी दुपारी.

हिब्रूची काळजी करू नका. आमच्या प्रतींत शब्द रोमन लिपीत छापलेले असतात. मी त्यांखाली पेन्सिलीने देवनागरीत लिहून घेते. तिथे मराठीचा फार उपयोग होतो. सियोन (म्हणजे जेरुसलेम) हा शब्द हिब्रूत सुरू होतो तो साधारण आपल्या 'चूल'मधल्या च ने! माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या अमेरिकन बाईंना तो जमायला तीन तालमी लागल्या. घशातून घासून येणाऱ्या 'ख'साठी मात्र मलाही मेहनत करावी लागली.

सियोन हा शब्द सालोमोने रॉसीच्या 'अल नहारोत बावेल'मध्ये येतो: बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठी बसून सियोनच्या आठवणीने रडणाऱ्यांचं स्तोत्र. रॉसी हा इटलीतल्या मांतुआच्या गोंझागा घराण्याच्या दरबारातला ज्यू वादक आणि संगीतकार. त्याने १६२२-२३ मध्ये व्हेनिसमध्ये हिब्रू स्तोत्रं-प्रार्थनांच्या ३३ रचना छापल्या, तीन ते आठ आवाजांच्या. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, असं अनेक आवाजांचं गाणं म्हणजे वादाला आमंत्रण. म्हणून रब्बी (ज्यू धर्मगुरू) लिओने मोदेना पाठीशी उभे राहिले आणि पुस्तकातच त्याचं समर्थन छापलं. छपाईचीही पंचाईत होती. स्वर डावीकडून उजवीकडे, हिब्रू उजवीकडून डावीकडे! दोन्ही आपापल्या दिशेने ठेवले, आणि डोळ्यांची कसरत गाणाऱ्यावर सोडली. त्या जुन्या पानाचा फोटो पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्यावरून बोट फिरवत बसले होते.

ज्यू संगीत म्हणजे फक्त शोक, अशा समजुतीने बरेच श्रोते येतात. रॉसी किंवा बर्लिनचा संगीतकार लेवांडोव्स्की यांची भरदार रचना ऐकली की चेहरे बदलतात, आणि तेवढ्यासाठी मी सोमवारची तालीम चुकवत नाही. एका कार्यक्रमात दिग्दर्शकांनी मला दोन मिनिटं दिली. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावात शनिवार तेली म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली, हे मी सांगितलं. मध्यंतरात लोक त्याबद्दलच विचारत होते.

तुमच्या शहरातल्या कॉयरला ईमेल करा. एखाद्या तालमीला नुसतं बसू देतात. पेन्सिल घेऊन जा.