मुलाखती ऐकताना कान कुठे लावायचा

अरे, दिग्दर्शकांच्या मुलाखती ऐकतोस ते बरंच आहे. पण ‘प्रेरणा कुठून मिळाली’ हा भाग खुशाल गाळून पुढे जा. तिथे सगळे सारखंच बोलतात. कामाचं सापडतं ते एखाद्या प्रसंगाच्या चिरफाडीत. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकला एकेका चित्रपटाबद्दल खोदून विचारलं. त्यातला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला बघ: अचानक फुटला तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो, आधीच दाखवला, तर टेबलावरच्या फालतू गप्पाही १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात.

आता तुझ्या पटकथेतला तिसरा प्रसंग काढ. भावाने जमीन विकल्याचं नायकाला आणि आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, एकाच वेळी कळतं. आपल्याला दोन पानं आधी कळू दे, मग दोघा भावांना नुसतं जेवायला बसव. निम्मे संवाद आपोआप गळतील.