जुन्या स्पोर्ट्स कारचा क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा) कधी लागतच नाही, तर कधी ब्रेक दाबूनही लगेच सुटत नाही. दुरुस्त करावा की काढून टाकावा?

तुम्ही दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या धरा. सेटचं बटण दाबून क्रूझ लागत नाही, हा नुसता वैताग आहे. ब्रेक दाबल्यावरही गाडी क्षणभर पुढे ओढते, हा मात्र जिवावरचा खेळ आहे. त्यामुळे आज पहिलं काम म्हणजे बॉनेट उघडा. नव्वदच्या दशकातली जपानी गाडी आहे आणि थ्रॉटल (इंजिनाची हवा कमी-जास्त करणारी झडप) केबलवर चालतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे थ्रॉटलपाशी दोन केबल येत असतील. एक ॲक्सिलरेटरच्या पॅडलकडून आणि दुसरी क्रूझच्या डब्याकडून. ही दुसरी सोडवा आणि कुठे अडकणार नाही अशी बांधून ठेवा. नुसता फ्यूज काढा असं सांगणारे भेटतील, पण केबलच आत अडकत असेल तर फ्यूज काढून काय होणार?

मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. एका गॅरेजने तुम्हाला मॉड्यूल, म्हणजे क्रूझचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, बदलायला सांगितलंय, ते तूर्त थांबवा. एवढ्या जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा ब्रेक आणि क्लचच्या पॅडलपाशी नाहीतर रबरी पाइपांत सापडतो, आणि तिथले भाग स्वस्त असतात.

तुम्ही मागच्या लाइटला एलईडी बल्ब टाकल्याचं ओघात लिहून गेलात. माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत क्रूझचं मॉड्यूल ब्रेकलाइटच्या तारेवर नजर ठेवून असतं. ब्रेक सोडलेला असताना त्या तारेला बल्बच्या फिलामेंटमधून अर्थिंग मिळतं आणि मॉड्यूल समजतं की सगळं ठीक आहे. एलईडीतून तसं अर्थिंग मिळत नाही. मग ब्रेक दाबलाय की वायर तुटलीय हे मॉड्यूलला कळत नाही आणि ते क्रूझ लागूच देत नाही. साधे 21/5 वॅटचे फिलामेंटचे बल्ब परत बसवून बघा. होल्डरमध्ये हिरवट गंज दिसला तर तोही खरवडून घ्या, साताऱ्याच्या पावसाळ्यात तो धरतोच.

त्यानंतर ड्रायव्हरच्या पायापाशी टॉर्च घेऊन वाका. ब्रेक पॅडलच्या वरच्या बाजूला एक स्विच दिसेल. त्याची दांडी पॅडलच्या पट्टीवर टेकलेली असते, आणि ती टेकते तिथे पट्टीच्या भोकात प्लास्टिकचं छोटं बटण बसवलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांत ते कडक होऊन फुटतं आणि त्याचा भुगा खालच्या मॅटवर पडतो. मग स्विचची दांडी त्या भोकातून आरपार जाते, पॅडल वर असलं तरी ब्रेकलाइट पेटलेले राहतात आणि क्रूझला वाटतं की तुमचा पाय ब्रेकवरच आहे. बटण अर्धवट तुटलं असेल तर कधी लागतं कधी नाही, अगदी तुमच्यासारखं. क्लचच्या पॅडलला असंच बटण असतं, तेही बघा. तात्पुरतं काही चिकटवून वेळ मारून नेऊ नका, ते मधेच पडलं तर ब्रेकलाइटचं काय होईल सांगता येत नाही. मापाचं बटण मागवा.

साताऱ्याजवळच्या लिंब खिंडीच्या चढाला वेग पडत जातो असंही तुम्ही म्हणता. त्याचं कारण निराळं आहे. क्रूझच्या डब्यात रबराचा पडदा असतो आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमने (हवा ओढणाऱ्या पोकळीने) तो केबल खेचतो. चढावर थ्रॉटल जास्त उघडला की मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम कमी होतो. अशा वेळी साठवलेला व्हॅक्यूम टिकावा म्हणून पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तो गळका असेल किंवा पाइपाला भेगा असतील तर केबल हळूहळू ढिली पडते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर उंदरांनी पाइप कुरतडलेत का तेही पाहा. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने डबा तपासता येतो. डब्यातला हवा सोडणारा व्हॉल्व्ह बंद असताना खेचल्यावर दांडी आत जाऊन तिथेच टिकली पाहिजे आणि पाइप काढताच झटक्यात परत आली पाहिजे.

आता धोक्याचं. सोडवलेली केबल तिच्या आवरणात मागेपुढे करून बघा. कुठे खरखर लागली, एखादी तार उसवलेली दिसली, तर तेल सोडत बसू नका, सरळ बदला. केबल मोकळी निघाली तर डब्यातला हवा सोडणारा व्हॉल्व्ह चिकटतो का आणि ब्रेकचा स्विच उशिरा काम करतो का, हे तपासा. पॅडल जरासं खाली गेलं की लगेच स्विचने काम करायला हवं.

चालत्या गाडीत पुन्हा असं झालं तर ब्रेक एकदाच जोरात दाबा आणि दाबूनच धरा. पंप करत बसू नका. थ्रॉटल उघडा राहिला की बूस्टरला (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला) नवा व्हॅक्यूम मिळत नाही, साठलेला एक-दोन दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं. त्याच वेळी क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा. इंजिन कितीही ओरडलं तरी ओरडू द्या. किल्ली फिरवायची वेळ आलीच तर एकच टप्पा मागे घ्या. पूर्ण फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होईल.

स्पीडोमीटरचा काटा नाचत असेल तर वेगाचा सिग्नल बघावा लागेल. बटणं स्टिअरिंगवर असतील आणि हॉर्नही अधूनमधून वाजत नसेल तर स्टिअरिंगमागची गुंडाळी पट्टी (बटणांच्या तारा जोडणारी क्लॉक स्प्रिंग) गेली असेल, पण एअरबॅग असलेलं स्टिअरिंग घरी खोलू नका. मॉड्यूलचा नंबर सगळ्यात शेवटी. तेव्हाही आधी एखाद्या जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून त्याच्या प्लेटवरचे तडकलेले सोल्डर पुन्हा मारून घ्या.

काढून टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा गाडीतली एकेक मूळ वस्तू काढत गेलं की ती परत मिळत नाही. दुरुस्तीनंतर चाचणी मात्र पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर घ्या. बहुतेक क्रूझ साधारण 40 किमीच्या खाली लागत नाहीत, म्हणून 50 ला लावा आणि ब्रेक, क्लच, क्रूझचा मेन स्विच या तिन्हींनी वेगवेगळं सोडवून बघा. साताऱ्याजवळच्या शेंद्र्याच्या पुढे महामार्गाच्या सहापदरीकरणाचे डायव्हर्जन आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्या बाजूला नको. खंबाटकी घाटात तर क्रूझ कधीच लावू नका.

बल्ब आणि बटण बघून झालं की ब्रेक स्विचच्या कपलरवर (तारांच्या जोडणीवर) पॅडल सोडून आणि दाबून किती व्होल्ट येतात ते इथेच लिहा. सोबत गाडीचं मॉडेलही लिहा, म्हणजे कोणती तार कशाची ते सांगता येईल.